चिनी मातीची ओळख : प्राचीन चिनी भांड्यांच्या उगमनिश्चितीतील वैज्ञानिक विश्लेषणाची चिकित्सा

बीजसंज्ञा : चिनी माती, उगमनिश्चिती, रासायनिक विश्लेषण, भट्टी, कोबाल्ट, संदर्भसंच.

प्रस्तावना :

मराठी घरात लोणच्याची बरणी 'चिनी मातीची' असते. ती उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे घडलेली असली तरी तिचे नाव बदलत नाही. वस्तूचा उगम नावात साठवून ठेवण्याची ही भाषेची रीत आहे; मात्र ती नेहमीच विश्वासार्ह असते असे नाही. हिंदी-उर्दूतील 'मर्तबान' हा शब्द ब्रह्मदेशातील मर्तबान या बंदरावरून आला. त्या नावाने ओळखले जाणारे अनेक मोठे रांजण प्रत्यक्षात दक्षिण चीनमधील भट्ट्यांत भाजले गेले होते. मर्तबान हे त्यांच्या व्यापाराचे ठिकाण होते. युरोपीय संग्राहकांनी 'स्वाटाव' बंदराचे नाव दिलेली भांडीही त्या बंदरात घडलेली नव्हती. फुजियान प्रांतातील झांगझोऊ परिसरातील भट्ट्यांचे उत्खनन १९९० च्या दशकात झाले, तेव्हा त्या भांड्यांचा खरा पत्ता लागला.

भांडे कोठे घडले, कोठून निघाले आणि कोठे सापडले हे तीन वेगळे प्रश्न आहेत. नावांनी त्यांची सरमिसळ केली. ही सरमिसळ दूर करण्याचे काम गेल्या सात दशकांत प्रयोगशाळेकडे सोपविले गेले. मातीतील मूलद्रव्यांचे प्रमाण मोजून भांड्याची जन्मभूमी सांगता येते, असा विश्वास त्यातून रूढ झाला. हा विश्वास कितपत साधार आहे, त्याला यश कोठे लाभते आणि तो कोठे थबकतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

उगमनिश्चितीचे मूळ गृहीतक :

पुरातन मृद्भांड्यांच्या उगमशोधासाठी अणुविज्ञानाचा उपयोग करण्याची कल्पना १९५६ मध्ये रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या पुढाकाराने प्रिन्स्टन येथे झालेल्या बैठकीतून पुढे आली. १९५७ मध्ये सेअर आणि डॉडसन यांनी भूमध्य सागरी प्रदेशातील मृद्भांड्यांचे न्यूट्रॉन सक्रियन पद्धतीने केलेले विश्लेषण प्रसिद्ध केले. या शाखेचे तात्त्विक अधिष्ठान मात्र १९७७ मध्ये वायगँड, हार्बॉटल आणि सेअर यांनी शब्दबद्ध केले. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा : दोन उगमस्थानांमधील रासायनिक फरक हा एकाच उगमस्थानात आढळणाऱ्या फरकापेक्षा मोजता येण्याइतका मोठा असेल, तरच उगमनिश्चिती शक्य होते.

हे विधान वरकरणी साधे वाटते. त्यातील 'तरच' हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे. ऑब्सिडियनसारखा ज्वालामुखीजन्य काचमणी घेतला तर तो निसर्गात जसा असतो तसाच माणूस वापरतो. त्यामुळे दगड आणि हत्यार यांची थेट तुलना करता येते. चिनी मातीचे भांडे या प्रकारात बसत नाही. ते निसर्ग आणि कारागीर या दोघांनी मिळून घडविलेले असते. दगड कुटला जातो, पाण्यात निवळला जातो, जाडसर कण वेगळे काढले जातात, प्रसंगी दुसऱ्या ठिकाणची माती त्यात मिसळली जाते. या प्रत्येक टप्प्यावर मूलद्रव्यांचे प्रमाण बदलते. म्हणून भांड्याची तुलना खाणीतील कच्च्या मातीशी न करता भट्टीजवळच्या टाकाऊ ढिगाऱ्यातील फुटक्या, वाकलेल्या, बिघडलेल्या मालाशी करावी लागते. असा बिघडलेला माल विकला जात नाही, तो जागेवरच पडून राहतो. म्हणूनच त्याची साक्ष भरवशाची ठरते.

भूगोल आणि रसायन :

चीनच्या बाबतीत निसर्गाने विश्लेषकांना एक मोठी सवलत दिली आहे. उत्तर चीन आणि दक्षिण चीन हे भूवैज्ञानिकदृष्ट्या दोन स्वतंत्र खंड होते व ट्रायासिक काळात ते एकमेकांना भिडले. नायजेल वुड यांनी नानशान-चिनलिंग या पर्वतरेषेला चिनी मृत्तिकाशिल्पाची विभाजनरेषा मानले आहे. रोझ केर आणि वुड यांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या बृहद्ग्रंथातही या विभागणीला मध्यवर्ती स्थान आहे.

उत्तरेकडे कोळशाच्या थरांसोबत आढळणाऱ्या केओलिनयुक्त माती वापरात होत्या. त्यांत ॲल्युमिनाचे प्रमाण जास्त असते. हबेई प्रांतातील दिंग भांड्यांत ते बहुधा २५ टक्क्यांच्या वर जाते. दक्षिणेकडे 'पोर्सेलिन दगड' नावाने ओळखला जाणारा, स्फटिक आणि सूक्ष्म अभ्रक यांनी युक्त असा ज्वालामुखीजन्य खडक कुटून वापरला जाई. त्यात सिलिका सुमारे ७५ टक्के आणि ॲल्युमिना साधारणतः १८ ते २० टक्क्यांच्या आसपास असते. एखादे शुभ्र भांडे उत्तरेचे की दक्षिणेचे, एवढाच प्रश्न असेल तर केवळ या दोन ऑक्साइडांच्या आधारे उत्तर देता येते. या पातळीवर पद्धतीचे यश निर्विवाद आहे.

अडचण सुरू होते ती दक्षिणेतल्या दक्षिणेत. जिआंगशी प्रांतातील जिंगडेझेन आणि फुजियानमधील अनेक भट्ट्या एकाच प्रकारच्या दगडावर अवलंबून होत्या. येथे मुख्य मूलद्रव्ये फारशी मदत करीत नाहीत; रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, थोरियम, झिर्कोनियम यांसारख्या अल्पांश मूलद्रव्यांकडे वळावे लागते. त्यात आणखी एक गुंतागुंत आहे. युआन काळापासून जिंगडेझेनच्या कारागिरांनी पोर्सेलिन दगडात केओलिन मिसळण्यास सुरुवात केली. 'केओलिन' हे नावही जिंगडेझेनजवळच्या गावलिंग या ठिकाणावरून पडले आहे. फ्रेंच धर्मोपदेशक दाँत्रकोल यांनी १७१२ च्या पत्रात या दुहेरी मिश्रणाची माहिती युरोपला कळविली. दोन द्रव्यांचे मिश्रण झाले की तयार भांड्याचे रसायन त्यांपैकी कोणत्याही एका खाणीशी जुळत नाही. ॲल्युमिना वाढलेले आढळले तर तो खाणीतील बदल आहे की कृतीतील, हे आकडा स्वतः सांगत नाही. म्हणजे विश्लेषक ज्याला 'उगम' म्हणतो, त्यात भूगर्भ आणि कारागिराचा निर्णय हे दोन्ही मिसळलेले असतात.

जावा समुद्रातील जहाज : पद्धतीचे यश व त्याचे स्वरूप :

या पद्धतीचे अलीकडील एक उत्तम उदाहरण म्हणजे जावा समुद्रात बुडालेल्या जहाजावरील मालाचा अभ्यास. इंडोनेशियाच्या सागरी हद्दीतील हे अवशेष मच्छीमारांना सापडले. १९९६ मध्ये तेथील माल वर काढण्यात आला व त्यातील सुमारे साडेसात हजार वस्तू शिकागोच्या फील्ड म्युझियमकडे आल्या. त्यांत 'छिंगबाई' म्हणजे निळसर झाक असलेल्या शुभ्र भांड्यांचा मोठा वाटा आहे. छिंगबाई म्हटले की संग्रहालयाच्या पाटीवर जिंगडेझेनचे नाव लागते, अशी जुनी सवय. फुजियानच्या भट्ट्यांनी त्याच धर्तीचा माल निर्यातीसाठी मोठ्या प्रमाणात तयार केला, हे ठाऊक असूनही प्रत्यक्ष तुकडा हाती आल्यावर तो कोणाचा हे नजरेने ठरविणे कठीण जाते.

वेनपेंग शू, लिसा निझिओलेक आणि गॅरी फाइनमन यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जहाजावरील छिंगबाई भांड्यांचे हातात धरता येणाऱ्या क्ष-किरण प्रतिदीप्ती उपकरणाने विश्लेषण केले. त्यांची तुलना जिंगडेझेन, दहुआ, हुआजिआशान आणि मिनछिंग या चार भट्टीसमूहांतून मिळालेल्या तुकड्यांशी केली. भट्टीसमूहांचे रासायनिक गट वेगळे पडले आणि जहाजावरील भांडी त्या गटांशी जोडता आली. एकाच जहाजात, एकसारख्या दिसणाऱ्या मालात, अनेक भट्ट्यांचा सहभाग होता हे त्यातून दिसून आले.

या निष्कर्षाचे मोल केवळ तांत्रिक नाही. दरबारी आश्रय लाभलेल्या जिंगडेझेनचा इतिहास लिहिला गेला. फुजियानच्या डोंगरांत निर्यातीसाठी राबणाऱ्या कारागिरांच्या नावाने फारसे काही उरले नाही. त्यांचा माल जिंगडेझेनची 'नक्कल' किंवा 'दुय्यम प्रत' म्हणून नोंदला गेला. रासायनिक विश्लेषणाने त्या मालाला त्याचे गाव परत मिळवून दिले. विज्ञानाने येथे एक ऐतिहासिक अन्याय अंशतः दूर केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

तथापि, हे यश कशामुळे शक्य झाले याकडेही लक्ष द्यावयास हवे. चारही भट्ट्यांचे तुकडे तुलनेसाठी उपलब्ध होते. जी पाचवी भट्टी संदर्भसंचात नसेल, तिचा माल उपलब्ध चारांपैकी सर्वांत जवळच्या गटात ढकलला जाण्याचा धोका राहतो. 'हे भांडे दहुआचे आहे' या विधानाचा काटेकोर अर्थ 'तपासलेल्या भट्ट्यांपैकी ते दहुआशी सर्वाधिक जुळते' एवढाच होतो. मूळ शोधनिबंधातील ही मर्यादा वृत्तपत्रीय बातमीत आणि संग्रहालयाच्या पाटीवर पोहोचेपर्यंत गळून पडते. शिवाय रसायन भट्टी सांगते. बंदर सांगत नाही. माल कोणत्या क्रमाने, कोणत्या धक्क्यावर चढला, हा प्रश्न जहाजाच्या मांडणीतून व व्यापाराच्या इतिहासातूनच सोडवावा लागतो.

याच जहाजाच्या कालनिश्चितीची कथा अधिक बोलकी आहे. ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील असावे असे प्रथम मानले गेले होते. एका भांड्याच्या तळावरील लेखात 'जियाननिंग फू' या प्रशासकीय विभागाचे नाव आढळले. हे नाव ११६२ मध्ये रूढ झाले व मंगोल विजयानंतर, १२७८ च्या सुमारास, त्याऐवजी 'जियाननिंग लू' हे नाव आले. हस्तिदंत व राळ यांच्या नव्या कार्बन कालमापनानेही अधिक आधीचा काळ सुचविला आणि २०१८ मध्ये संशोधकांनी जहाज बाराव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे नेले. येथे एक अक्षर निर्णायक ठरले. प्रयोगशाळेने त्या अक्षराला आधार दिला. त्याची जागा घेतली नाही.

निळ्या रंगाचा प्रश्न :

निळ्या-पांढऱ्या भांड्यांवरील कोबाल्टचा अभ्यास हा या शाखेतील सर्वांत परिचित अध्याय. १९५६ मध्ये सर हॅरी गार्नर यांनी ऑक्सफर्डमध्ये झालेल्या विश्लेषणांच्या आधारे आयात व देशी कोबाल्ट यांतील भेद मांडला. प्रारंभीच्या भांड्यांतील निळ्या रंगात मँगनीज कमी आढळते, तर चीनमधील देशी कोबाल्ट-खनिजात मँगनीजचे प्रमाण कोबाल्टच्या कितीतरी पट असते. त्यामुळे कमी मँगनीज म्हणजे आयात, जास्त मँगनीज म्हणजे देशी, असे सूत्र तयार झाले. पुढे लोहाचे प्रमाणही या सूत्रात जोडले गेले.

सूत्र उपयुक्त आहे, परंतु त्याचा वापर अनेकदा त्याच्या कुवतीपलीकडे केला जातो. पहिली गोष्ट म्हणजे निळा रंग काचझिलईच्या खाली असतो. क्ष-किरण पृष्ठभागावर टाकला की रंग आणि झिलई यांचा एकत्रित संकेत मिळतो. झिलईत स्वतःचे लोह असते. ते वजा केल्याशिवाय रंगातील लोहाचा आकडा अर्थपूर्ण ठरत नाही. दुसरे, आयात व देशी कोबाल्ट मिसळण्याची प्रथा होती. मिश्रणाचा आकडा दोहोंच्या मधे कोठेही पडू शकतो. तिसरी गोष्ट सर्वांत मूलभूत आहे. 'आयात' हे उत्तर नकारात्मक आहे. ते 'चीनचे नव्हे' एवढेच सांगते. काशान येथील अबुल कासिम यांनी १३०१ च्या आपल्या फारसी ग्रंथात काशानजवळील कमसर गावच्या कोबाल्टचा उल्लेख केला आहे. या उल्लेखामुळे युआन काळातील निळ्या रंगाचे नाते कमसरशी जोडण्याची घाई झाली. परंतु तेथील खनिज आर्सेनिकयुक्त आहे आणि आर्सेनिक भाजणीत उडून जाऊ शकते. म्हणून भांड्यात आर्सेनिक न सापडणे हा कमसरच्या विरुद्धचा पुरावा ठरत नाही; तो तिच्या बाजूचाही ठरत नाही. ग्रंथातील एक नाव आणि प्रयोगशाळेतील एक आकडा शेजारी ठेवले म्हणजे सिद्धता होते, असे मानणे पद्धतिशास्त्राला धरून नाही.

थोरल्या भावाची भट्टी :

चिनी मृत्तिकाशिल्पाच्या अभ्यासातील सर्वांत अवघड कोडे 'गऽ' भांड्यांचे आहे. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ थोरला भाऊ. लोंगछुआन येथे दोन भाऊ भट्ट्या चालवीत आणि थोरल्याच्या भट्टीतील भांड्यांवर तड्यांची जाळी उमटे, अशी परंपरागत कथा आहे. राजवाड्यांच्या संग्रहांतून वारशाने आलेली, काळ्या व सोनेरी तड्यांची ही भांडी विख्यात आहेत. पण त्यांची भट्टी कोणती यावर एकमत नाही.

हांगझोऊ येथील लाओहूदोंग भट्टीचा शोध १९९६ मध्ये लागल्यावर वादाला नवे वळण मिळाले. तेथे दक्षिण सोंग व युआन अशा दोन्ही काळांचे थर मिळाले आणि वरच्या थरातील तुकडे दिसायला वारशाच्या भांड्यांच्या जवळचे होते. काही विश्लेषकांनी रासायनिक साम्यही दाखवून दिले. दुसरीकडे लोंगछुआन परिसरातही काळ्या मातीची, तडे असलेली भांडी सापडली असून कथेच्या बाजूने बोलणारे अभ्यासक तिकडे बोट दाखवितात.

येथे विज्ञानाची कोंडी होते ती उपकरणाअभावी नव्हे. वारशाची भांडी अमूल्य आहेत. त्यांचा कण काढण्याची परवानगी सहसा मिळत नाही. विनाशरहित पद्धतीने केवळ झिलईचा पृष्ठभाग वाचता येतो, आणि जाडसर झिलईखालची मूळ माती तळाच्या उघड्या कडेपुरतीच दिसते. मग तुलनेसाठी जे थोडे तुकडे 'खात्रीचे गऽ' म्हणून घेतले जातात, ते खात्रीचे कोणी ठरविले? जाणकाराच्या नजरेने. ज्या नजरेची परीक्षा घ्यायची, तिच्याच निवडीवर परीक्षेचा संदर्भसंच उभा राहतो. असा वर्तुळाकार युक्तिवाद कितीही दशांश स्थळांपर्यंत मोजमाप केले तरी सरळ होत नाही.

याउलट रू भांड्यांचा प्रश्न ज्या रीतीने सुटला ते पाहण्यासारखे आहे. सोंग दरबारासाठी घडविलेल्या या दुर्मीळ भांड्यांची भट्टी हनान प्रांतातील बाओफेंग परगण्यात छिंगलियांगसी येथे १९८० च्या दशकात निश्चित झाली आणि २००० साली तिचा मध्यवर्ती भाग उत्खननातून उघड झाला. प्रथम जमीन खणली गेली आणि मग मातीचे रसायन तपासले गेले. क्रम महत्त्वाचा आहे.

आकड्यांची अधिकारवाणी :

या तिन्ही उदाहरणांतून काही पद्धतिशास्त्रीय प्रश्न समोर येतात. हातात धरता येणारे उपकरण संग्रहालयात नेता येते व वस्तूला इजा करीत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु सोडियम, मॅग्नेशियम यांसारखी हलकी मूलद्रव्ये ते नीट वाचू शकत नाही. तसेच दोन प्रयोगशाळांचे आकडे समान प्रमाणकांवर जुळवून घेतल्याशिवाय परस्परांशेजारी ठेवता येत नाहीत. लेसरच्या साहाय्याने सूक्ष्म कण उडवून केलेले वस्तुमान-वर्णपटमापन अधिक संवेदनशील असले तरी त्यासाठी लहानसा का होईना, व्रण स्वीकारावा लागतो.

दुसरा प्रश्न संख्याशास्त्राचा. गट पाडणाऱ्या गणिती पद्धती गट पाडतातच. विचारल्यावर नकार देणे त्यांच्या स्वभावात नसते. त्या गटांना भट्टी, काळ, कृती यांपैकी कशाचे नाव द्यावयाचे हा निर्णय संशोधकाचा असतो व त्याला पुरातत्त्वीय आधार हवा.

तिसरा प्रश्न नैतिकतेचा. १९९८ मध्ये बेलितुंग बेटाजवळ सापडलेल्या जहाजावर सुमारे साठ हजार भांडी होती. त्यांतील एका चांगशा वाडग्यावर इ. स. ८२६ शी जुळणारे वर्ष कोरलेले आहे. हा माल व्यापारी कंपनीने वर काढला. पुरातत्त्वज्ञांच्या आक्षेपांमुळे वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेतील त्याचे प्रदर्शन २०११ मध्ये रोखले गेले. अशा मालाची भट्टी प्रयोगशाळा सांगू शकते, परंतु घाईने उपसताना नष्ट झालेली मांडणी परत आणू शकत नाही. उलट, प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र बाजारात किंमत वाढविण्याचे साधन होऊ शकते.

भारतीय अभ्यासकाला हा विषय परका नाही. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी १९९० च्या दशकात क्ष-किरण विवर्तनाने चक्रांकित भांड्यांचे खनिजशास्त्रीय विश्लेषण करून त्यांचा उगम बंगालमधील चंद्रकेतुगड-तामलुक परिसराशी जोडला. १९४५ च्या अरिकमेडू उत्खननानंतर ही भांडी भूमध्य सागरी मानण्याकडे जो कल होता, त्याला हे आव्हान होते. २००५ मध्ये अन्य संशोधकांनी भू-रासायनिक पद्धतीने हाच प्रश्न पुन्हा तपासला. पद्धतीवर पद्धतीने तपास व्हावा, हीच शास्त्राची रीत होय. दिल्लीच्या तुघलककालीन राजवाड्याच्या जागेवरून आलेली युआन काळातील निळी-पांढरी भांडी, तसेच चौल, संजाण व जुने गोवे येथील चिनी तुकडे अशा एकत्रित तपासणीची वाट पाहत आहेत. हे तुकडे फुटके आहेत, बाजारात त्यांना मोल नाही, आणि त्यांची सापडण्याची जागा ठाऊक आहे. विश्लेषणासाठी राजवाड्यातील अखंड फुलदाणीपेक्षा ते अधिक उपयोगी आहेत.

निष्कर्ष :

१) रासायनिक विश्लेषण उत्तर व दक्षिण चीनमधील भांड्यांचा भेद खात्रीने करू शकते, एकाच प्रदेशातील भट्ट्यांचा भेद मात्र संदर्भसंचाच्या व्याप्तीवर अवलंबून असतो.

२) चिनी भांड्याच्या रसायनात भूगर्भ आणि कारागिराची कृती दोन्ही सामावलेल्या असल्याने 'उगम' या संज्ञेचा अर्थ प्रत्येक अभ्यासाने प्रथम स्पष्ट करावयास हवा.

३) ज्या ठिकाणी भट्टीचे उत्खनन आधी झाले, तेथे विश्लेषण निर्णायक ठरले, जेथे संदर्भ केवळ जाणकाराच्या नजरेतून आला, तेथे आकड्यांनी जुन्याच मताला नवे वजन दिले.

४) कोबाल्टविषयीचे सूत्र वर्गीकरणास उपयुक्त आहे, खाणीच्या निश्चितीसाठी ते अपुरे आहे.

५) शिलालेख, लेखी साधने, थरांचा अभ्यास व प्रयोगशाळा यांचा परस्परतपास हाच उगमनिश्चितीचा विश्वसनीय मार्ग होय.

'चिनी माती' या शब्दाने उगमाचा प्रश्न एका विशेषणात मिटवून टाकला होता. विज्ञानाने तो पुन्हा उघडला, हे त्याचे मोठे श्रेय. त्या विशेषणाच्या जागी तितक्याच निश्चिंतपणे एखादा आकडा बसवला गेला, तर प्रश्न पुन्हा मिटेल आणि फुजियानच्या टेकड्यांतील कारागिरांचे नाव पुन्हा पुसले जाईल.